वाळक्या पानाचा पतंग: खानापूर-बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती झाले की माझ्या फोनवर वाळक्या पानांचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते: 'हे पान आत्ता उडालं.' कणकुंबी, जांबोटी, लोंढा, नंदगडकडून येतात, सीमेपलीकडच्या चंदगड आणि दोडामार्गातूनही येतात. फोटो वेगळे, प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहिली. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथं त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हा नक्की कोण? फोटोत तर नुसतं पान दिसतंय.

फळाला भोक पाडून रस पिणारा पतंग. शेतीच्या पुस्तकांत आणि संत्रा-मोसंबीवाल्यांच्या बोलण्यात त्याला 'रस शोषणारा पतंग' म्हणतात. शास्त्रीय नाव युडोसिमा. हे एका गटाचं नाव आहे, त्यात बऱ्याच जाती येतात. आपल्याकडून येणाऱ्या फोटोंत बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतो: युडोसिमा मॅटर्ना किंवा युडोसिमा फॅलोनिया. मिटलेल्या पंखांवरून दोघांना वेगळं काढणं जिकिरीचं आहे. मागचा पंख दिसला तर सोपं. दोघांचेही मागचे पंख भगव्या-पिवळ्या रंगाचे आणि काळ्या काठाचे. त्या भगव्यात मधोमध काळा गोल ठिपका असेल तर मॅटर्ना, आणि राजम्याच्या दाण्यासारखा वाकडा काळा डाग असेल तर फॅलोनिया. पंख पसरले की फॅलोनिया आठ ते दहा सेंटीमीटर भरतो, म्हणजे तळहाताची रुंदी झाकेल एवढा.

तिसरा एक कधीमधी येतो, युडोसिमा सलामिनिया. त्याचा पुढचा पंख हिरवा आणि वरच्या कडेला सायीच्या रंगाचा पट्टा. तो वाळक्या पानाऐवजी कड दुमडलेल्या ओल्या पानासारखा दिसतो.

२. पतंग आणि फुलपाखरू यात फरक काय? आमच्या घरी दोघांनाही पाखरूच म्हणतात.

घरात म्हणा, काही बिघडत नाही. ओळखायचंच असेल तर मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, आगपेटीच्या काडीसारखी. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते, टोकाला गाठ नसते. आपला हा गडी दोरा-मिशीचा. दिवसा उडणारे पतंगही असतात, त्यामुळे 'रात्री दिसला म्हणजे पतंग' ही खूण पुरेशी नाही.

फसवणारं एक फुलपाखरूही आपल्याच जंगलात आहे: कॅलिमा, म्हणजे ब्लू ओकलीफ. पंख मिटले की तेही हुबेहूब वाळकं पान होतं. पण ते पंख पाठीवर उभे मिटतं, दोन्ही तळवे जोडावेत तसे. आपला पतंग पंख कौलारू छपरासारखे उतरते ठेवतो. एवढी एक गोष्ट बघितली तरी निम्मे फोटो माझ्याकडे पाठवायची गरज पडणार नाही.

३. आमच्या भागात कुठं दिसतो आणि कधी?

जिथं गुळवेल तिथं हा, कारण याची अळी तिच्या पानांवर वाढते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, आमगाव, भीमगडचा परिसर, लोंढा आणि नागरगाळी, हा त्याचा मुख्य मुलूख. पण त्याला दाट जंगलच लागतं असं नाही. जंगलाची कड, देवराई, ओढ्याकाठची झाडी, जुन्या आंब्यावर चढलेली वेल, एवढ्यावर त्याचं भागतं. टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांच्या आवारातूनही फोटो आले आहेत. पूर्वेला गोकाक, अथणीकडं पाऊस कमी, पण कुंपणावर वासनवेल असते आणि तिच्यावरही याची अळी वाढते. म्हणून तिकडच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांचेही फोन येतात.

उन्हाळ्यात गुळवेल पानं गाळते. मृगाचा पाऊस पडला की ती पुन्हा पालवते, आणि अळ्यांचं जेवण तयार होतं. त्यामुळे श्रावणापासून दिवाळीपर्यंत पतंगांची संख्या चढती असते. आमगाव-कणकुंबीच्या धो-धो पावसात जुलैभर रात्री बाहेर उभं राहणंच अवघड, तेव्हा शोधायचाच असेल तर भाद्रपद-अश्विन बरा.

४. वाळक्या पानाची नक्कल म्हणजे नेमकं काय काय?

रंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. तपकिरी कीटक पुष्कळ आहेत. या पतंगाची करामत रेषांत आहे.

पुढच्या पंखावर एक तिरकी गडद रेघ जाते, ती पानाची मधली शीर. तिला फुटलेल्या बारीक रेषा म्हणजे उपशिरा. मधेच हिरवट झाक, जणू पान अजून पुरतं वाळलेलं नाही. कुठं पांढुरके ठिपके, बुरशी लागल्यासारखे. पंखाचं टोक अणकुचीदार, आणि आतली कड वाकडी, पान सुकताना आकसतं तशी. तोंडापुढं दोन स्पर्शक चोचीसारखे आलेले असतात, ते दिसतात देठाच्या तुटक्या टोकासारखे. छातीवरचे केस पंखाच्याच रंगाचे, त्यामुळे अंग कुठं संपलं आणि पंख कुठं सुरू झाला ते कळत नाही. मादीच्या पंखांवर डाग आणि फटकारे जास्त, नर त्या मानानं साधा.

याहून गमतीची गोष्ट अशी की कुठलीही दोन 'पानं' एकसारखी नसतात. एक ऐनाच्या वाळक्या पानासारखं, दुसरं जांभळट, तिसरं शेवाळी. पक्ष्यानं एक पतंग शोधून खाल्ला आणि त्याची खूण डोक्यात ठेवली तरी दुसऱ्याला ती लागू पडत नाही.

आणि हे सगळं सोंग टिकतं ते गप्प बसण्यामुळे. दिवसभर तो झुडपात, पाल्यात निश्चल बसतो. एकदा जांबोटीच्या बाजूला मी पाठीची पिशवी टेकायला जागा करावी म्हणून पाचोळा बाजूला सारला, त्यातलं एक पान उडून समोरच्या किंजळीवर जाऊन बसलं. ते कुठं बसलं हे डोळ्यांनी पाहिलेलं असूनही मला परत सापडायला दहा मिनिटं लागली.

५. एवढं लपायचं असेल तर मागचे पंख भगवे कशाला?

तो दुसरा डाव आहे, पहिला फसल्यावरचा. बसलेला असताना भगवे पंख पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात. पक्ष्यानं चोच मारली, किंवा कुणाचा हात लागला, की पुढचे पंख एकदम वर होतात आणि भगवा-काळा भडका दिसतो. पक्षी क्षणभर दचकतो. तेवढा क्षण उडायला पुरतो.

उडताना पक्षी पाठलाग करतो तो भगव्या रंगाचा. पतंग बसला, पंख मिटले, भगवा गेला. पक्षी आता जे शोधतोय ते अस्तित्वातच नाही. शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याशी याची तुलना करून मला एकानं लांबलचक संदेश पाठवला होता. तुलना वाईट नाही.

६. गुळवेलीवर डोळे वटारलेली काळी अळी सापडली. विषारी आहे का? नागाचं पिल्लू समजून आई घाबरली.

आईचं चुकलं नाही, तिनं घाबरावं म्हणूनच ते डोळे आहेत. पण अळी निरुपद्रवी आहे. चावत नाही, डसत नाही, अंगावर खाजरे केस नाहीत. केसाळ असतो तो सुरवंट, ही गुळगुळीत अंगाची अळी.

रंग गडद तपकिरी, मखमली काळा, कधी हिरवट. पूर्ण वाढली की करंगळीएवढी, पाच ते सात सेंटीमीटर. अंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठे गोल 'डोळे' असतात, फिकट कड्याच्या आत काळं बुबुळ. ते खरे डोळे नव्हेत, ती कातडीवरची चित्रं. खरं डोकं लहान असतं आणि त्याचे डोळे नुसत्या बारीक टिकल्या. अळीला धक्का लागला की ती डोकं पोटाखाली दुमडते आणि शेपटीकडचा उंचवटा वर उचलते. मग बघणाऱ्याला वाटतं की डोळे असलेली बाजू म्हणजेच तोंड. बागेत टिपायला आलेल्या पक्ष्याला हा प्रकार नको वाटतो.

चालताना ती पाठीची कमान करत चालते, कारण पोटाखालच्या पायांची पहिली जोडी खुरटलेली असते. शेतकरी अशा अळ्यांना 'उंटअळी' म्हणतात, तेच हे चालणं. अळी दिसत नसेल पण पानं कुरतडलेली असतील, तर वेलीखालच्या पानांवर काळ्या लेंड्या पडल्यात का बघा आणि तिथून सरळ वर नजर टाका.

७. अळीचा पतंग व्हायला किती दिवस लागतात? शाळेच्या पोरांना दाखवायला बरणीत वाढवता येईल का?

येईल, आणि जरूर वाढवा. मादी गुळवेलीच्या पानाच्या खालच्या बाजूला साधारण एक मिलिमीटरची फिकट, गोल अंडी घालते, कधी सुटी, कधी पुंजक्यानं. तीनेक दिवसांत अळी बाहेर येते. दोन ते तीन आठवडे नुसतं खाणं आणि कात टाकणं. मग ती दोन-तीन पानं रेशमानं जोडून त्यांच्या आत कोष करते, आणि साधारण दोन आठवड्यांनी पतंग निघतो. थंडी असेल तर दिवस वाढतात. एकूण महिना ते दीड महिना धरा.

बरणीपेक्षा मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी किंवा जाळीचा डबा बरा, हवा खेळती राहते. गुळवेलीची फांदी पाण्याच्या बाटलीत खोचा आणि बाटलीच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. रोज लेंड्या काढा. दुसऱ्या झाडाचा पाला घालू नका, ती उपाशी मरेल पण खाणार नाही. आत एक उभी काटकी हवीच. कोषातून निघालेला पतंग तिच्यावर चढून ओले पंख लोंबकळत ठेवतो, तेव्हाच ते सरळ सुकतात. काटकी नसली तर पंख चुरगळलेलेच राहतात. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली, आणि तो पतंग डब्यातच राहिला.

पंख सुकले की संध्याकाळी, जिथून अळी आणली तिथं सोडा.

८. अळ्यांनी आमच्या परड्यातली गुळवेल खाऊन टाकली. औषध मारावं का?

नको. ही वेल तुम्ही काढ्यासाठी लावली असणार, मग तिच्यावर कीटकनाशक मारून तेच पोटात घ्यायचं का? पानं गेली तरी वेल मरत नाही. गुळवेलीचा तोडलेला तुकडा कुंपणावर टाकला तरी तो हवेतच मुळं सोडतो, उगाच तिला अमृतवेल आणि कन्नडमध्ये अमृतबळ्ळी म्हणत नाहीत. अळ्या फारच झाल्या तर हातानं वेचून रानातल्या दुसऱ्या गुळवेलीवर नेऊन सोडा.

खरं नुकसान अळ्यांनी नाही, आपण केलं. २०२० साली कोरोनाच्या काढ्यासाठी रस्त्याकडेच्या वेली लोकांनी मुळापासून ओढून नेल्या. काढ्याला खोड लागतं, मूळ नव्हे. त्या वर्षी माझ्या नेहमीच्या वाटेवर अळ्या दिसायच्या बंद झाल्या होत्या.

९. पेरूला टाचणीएवढं भोक आणि भोवती मऊ तपकिरी डाग. हे याचंच काम का?

दाट शक्यता आहे. फळ कापून बघा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. पतंग फळात अंडी घालत नाही, तो फक्त पिऊन जातो, त्यामुळे आत अळी नसते. भोकाखालचा गर मात्र कोरडा, स्पंजासारखा झालेला असतो. फळ दाबलं तर भोकातून रस येतो.

रस पिण्यानं जेवढं जातं ते थोडं. भोकातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, एक-दोन दिवसांत डाग पसरतो, फळ गळतं. वासानं दुसरे पतंगही येतात, ज्यांना स्वतः भोक पाडता येत नाही. ते तयार भोकात सोंड घालून बसतात. सकाळी पेरूवर चार प्रकारचे पतंग पाहून चौघांना दोष देऊ नका, दरोडेखोर एक आणि बाकीचे पडलेलं वेचणारे.

पेरू, मोसंबी, संत्रं, डाळिंब, द्राक्ष, पपई, आंबा, केळं, कशावरही तो बसतो. पिकायला लागलेलं फळ त्याला जास्त आवडतं, पण कधी कधी हिरव्यालाही टोचतो. मोसंबीच्या बागेत अशी फळं झाडावर अर्धी पिवळी होऊन पडतात आणि मालक खताला किंवा पाण्याला दोष देत बसतो.

१०. पतंगाची सोंड तर मऊ असते. ती मोसंबीच्या सालीतून कशी जाते?

फुलातला रस पिणाऱ्यांची मऊ असते, याची नाही. फॅलोनियाची सोंड अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांब, टोकाला कडक आणि टोकदार, आणि त्या टोकावर मागे वळलेले बारीक काटे-आकडे. पतंगाची सोंड मुळात दोन अर्ध्या नळ्या जोडून झालेली असते. भोक पाडताना हे दोन भाग एकमेकांवर मागे-पुढे सरकतात, एक पुढं घुसतो तेव्हा दुसरा आकड्यांनी धरून ठेवतो. त्याच्या जोडीला डोकं हलवणं. सुताराचं गिरमिट आणि करवत एकाच हत्यारात असल्यासारखं. नर आणि मादी दोघंही हे करतात.

११. बाग राखायची कशी? फवारणी करून उपयोग होत नाही.

होणारच नाही. पतंग बागेत राहत नाही. अंधार पडल्यावर बाहेरून येतो, काही तास पितो, पहाटेपूर्वी रानात परत. त्याची अळीही बागेत नाही, ती वेलीवर आहे. आणि फळ काढायला आलेलं असताना त्यावर औषध मारणं म्हणजे खाणाऱ्याच्या पोटात औषध.

जे खरंच चालतं ते कष्टाचं आहे. घरच्या दहा-वीस झाडांना फळांवर कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा, जुन्या साडीच्या चालतात. नुकसान निम्म्याहून जास्त इथंच थांबतं, असा माझा अनुभव. पडलेली फळं रोज उचलून खोल पुरा, कारण सडक्या फळाचा वास म्हणजे पतंगांना आवतण. तिन्हीसांजेपासून बागेत ओल्या पालापाचोळ्याचा धूर करा. रात्री आठ ते अकरा बॅटरी घेऊन फिरा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात, जाळीनं सहज पकडता येतात.

मोठ्या बागेला जाळी घालतात, तो खर्चाचा मामला. गूळ, फळांचा रस आणि कीटकनाशक घातलेलं विषारी आमिषही शिफारशीत असतं, पण ते उघडं ठेवलं तर मधमाश्या मरतात. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून, प्रमाण लिहून घेऊनच करा.

१२. म्हणजे शेताभोवतीची गुळवेल तोडली की प्रश्न मिटला?

हा सल्ला छापील पत्रकांत असतो आणि सपाट मुलखात, जिथं कोसभर जंगल नाही, तिथं त्यात तथ्य आहे. खानापूरच्या पश्चिमेला मात्र तो निरुपयोगी. हा पतंग दणकट उडणारा आहे, जंगलातून काही किलोमीटरवरच्या बागेत सहज येतो. तुमच्या बांधावरची एक वेल तोडली म्हणून मागच्या डोंगरावरच्या हजार वेली कमी होत नाहीत. राखीव जंगलात शिरून तोडणं हा तर गुन्हा.

मला विचाराल तर परड्यातली वेल ठेवा. ती डोळ्यासमोर असते, तिच्यावर अळ्या वाढायला लागल्या की कळतं की तीन-चार आठवड्यांत पतंग येणार, तेवढ्यात पिशव्या बांधून होतात. उन्हाळ्यात तिची लाल फळं खायला बुलबुल येतात तो फायदा वेगळाच.

१३. पतंग बोलवायला रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावला, पण हा आलाच नाही. का?

दिव्याची ओढ त्याला इतर पतंगांइतकी नाही. पिकल्या फळाचा वास त्याहून जोरदार. जास्त पिकलेलं केळं कुस्करून त्यात गूळ कालवा, एक दिवस आंबू द्या आणि अंधार पडताना झाडाच्या बुंध्याला लावा. तासाभरानं लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन हळू जा. फोटोला घाई करू नका, पीत असलेला पतंग बराच वेळ जागचा हलत नाही. आमिष ठेवलेल्या जागी मुंगळे येणारच, त्याला इलाज नाही. अस्वलाच्या वाटेवर हा प्रयोग करू नका, हे भीमगडच्या कडेला राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही, पण बेळगावहून येणाऱ्यांना आहे.

१४. रात्री याला कोण खातं? रात्री तर रंग दिसतच नाही.

बरोबर, वाळक्या पानाचं सोंग दिवसाचं. रात्री शत्रू वटवाघूळ, आणि ते आवाजानं शोधतं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमुळे आपला भाग वटवाघळांसाठी जगभर माहीत आहे. रॉटनचं वटवाघूळ शास्त्राला १९१३ मध्ये माहीत झालं ते इथूनच, आणि कित्येक दशकं ते फक्त याच गुहेत असल्याची नोंद होती. त्याच्याखेरीज कीटकखाऊ वटवाघळांच्या आणखी बऱ्याच जाती जंगलात आहेत.

त्यांच्यासाठी पतंगाकडं कान आहेत, डोक्यावर नव्हे, छातीच्या मागच्या भागात. आपल्याला ऐकू न येणारी वटवाघळाची शीळ ते टिपतात. लांबचा आवाज आला तर पतंग दिशा बदलतो. अगदी जवळचा आला तर पंख आवरून वेड्यावाकड्या घिरट्या घेत खाली पडतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली किल्ल्यांचा जुडगा जोरात खुळखुळवून बघा, आसपासचे काही पतंग धपकन खाली येतील. किल्ल्यांच्या आवाजातही त्या पट्टीतले सूर असतात.

१५. हा माणसाचं रक्त पितो असा व्हिडिओ फिरतोय. खरं आहे का?

याच्याबद्दल खोटं, याच्या नातलगाबद्दल खरं. याच उपकुळात कॅलिप्ट्रा नावाचा गट आहे, तोही फळं टोचणारा. १९६०च्या दशकात हान्स बँझिगर या स्विस अभ्यासकानं मलायात त्यातल्या एका जातीचे पतंग जनावरांच्या कातडीत सोंड खुपसून रक्त पिताना पाहिले. पितात ते फक्त नर. फळाची साल फोडणारं हत्यार कातडीवरही चालतं, एवढाच त्याचा अर्थ. आपला युडोसिमा फळावर समाधानी आहे. हातावर बसला तर घाबरू नका.

१६. पेपरात 'दुर्मिळ महाकाय पतंग आढळला' म्हणून फोटो येतो, तो हाच?

नाही, तो अ‍ॅटलास. पंख वीस सेंटीमीटरच्या पुढं, विटकरी रंग, पंखांवर काचेसारख्या पारदर्शक खिडक्या. त्याला चालणारं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो, त्यामुळे तुमच्या पेरूला त्याच्यापासून काही धोका नाही. दरवर्षी पावसाळ्यात तो सापडतो आणि दरवर्षी बातमीत 'दुर्मिळ' असतो.

१७. घरात शिरला तर? पोरांना खाज सुटेल का?

नाही. पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले, विष नव्हे. दम्याचा त्रास असलेल्यानं तोंडाजवळ झटकू नये, इतकंच. दिवे बंद करा, खिडकी उघडा. नाहीतर वर पेला ठेवा, खालून पोस्टकार्ड सरकवा आणि बाहेर झाडावर सोडा. झाडूनं मारलं तर भिंतीला डाग पडतो तो निघत नाही.

१८. भीमगडातून एक-दोन पकडून संग्रहात ठेवले तर चालतं का?

चालत नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, सुमारे १९० चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय कुठलाही वन्य जीव नेता येत नाही, त्यात कीटकही आले. अभ्यासासाठी परवानगी कर्नाटक वन खात्याकडून मिळते. स्वतःच्या परड्यातली अळी वाढवायला (प्रश्न ७) कुणाची परवानगी नको, तिथून सुरुवात करा.

१९. जुन्या पुस्तकात ओथ्रिस फुल्लोनिया, नव्यात युडोसिमा फॅलोनिया. दोन वेगळे का?

एकच. लिनियसनं १७६३ मध्ये फॅलोनिया नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी क्लर्कनं त्याच पतंगाला फुल्लोनिया म्हटलं. आधीचं नाव चालतं असा नियम आहे, पण शेतीच्या पुस्तकांत नंतरचंच वर्षानुवर्षं छापलं गेलं. ओथ्रिस हा गट पुढं युडोसिमात धरला गेला. कुळही बदललं आहे, पूर्वी नॉक्टुइडी, आता इरेबिडी. अहवालात नवं नाव लिहा. जुन्या शिफारशी शोधताना मात्र ओथ्रिसच शोधा, नाहीतर हाताला काही लागणार नाही.

कन्नड शेजाऱ्याला सांगताना 'पतंग' म्हणा, तिथंही तोच शब्द आहे. 'चिट्टे' म्हणालात तर तो फुलपाखरू समजेल.

२०. इंटरनेटवर लिहिलंय की याची अळी पांगाऱ्यावर वाढते. आमच्या पांगाऱ्यावर अळी आहे, मग ती हीच का?

बहुतेक नाही. पांगाऱ्याची ती माहिती खरी आहे, पण पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची. तिथं फॅलोनियाची अळी पांगाऱ्याच्या जातीच्या झाडांवर वाढते. भारत, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात तिचं जेवण म्हणजे गुळवेलीच्या कुळातल्या वेली: गुळवेल, वासनवेल, पहाडवेल. आपल्याकडं पांगारा भरपूर आहे आणि त्याला खाणाऱ्या वेगळ्या अळ्याही भरपूर आहेत.

दोन गोष्टी तपासा. अंगाच्या बाजूला दोन-दोन डोळे आहेत का, आणि पांगाऱ्यावर गुळवेल चढलेली आहे का. कोष करायला जागा शोधणारी अळी वेल सोडून शेजारच्या फांदीवर येते आणि आपण ती त्या झाडाची समजतो. डोळे असतील, आणि वेल आसपास कुठंच नसेल, आणि अळी पांगाऱ्याचं पान प्रत्यक्ष खाताना दिसली, तर पान, अळी आणि कुरतडलेली कड एकाच फोटोत घेऊन मला लगेच पाठवा. रात्री पाठवला तरी चालेल.